संडासाच्या दाराची नोंद

ज्योत्स्ना इंगोलेनं संडासाचं दार चोरलं होतं, ही गोष्ट शेंदूरखेडात कोणापासूनही लपलेली नव्हती. लपवायचं काय त्यात? अख्ख्या गल्लीनं ते दार होळीत जळताना पाहिलं होतं, बोंबा मारल्या होत्या, आणि ज्याचं दार होतं त्या माणसानं दुसऱ्या दिवशी तिच्या हातची पुरणपोळी मागून खाल्ली होती. आता एकोणतीस वर्षांनी तोच माणूस आठवड्यातून तीनदा तिच्यापुढे डावा हात ठेवून बसायचा आणि ती त्या हातात दोन जाड सुया खुपसायची.

"आधी दार नेलंस, आता रक्त नेतेस होय गं?" असं तो दर वेळी म्हणायचा. दर वेळी. एकदाही चुकला नाही.

हा माणूस म्हणजे मधुकर शेलार, वय ऐंशी, निवृत्त पोस्टमास्तर, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आणि ज्योत्स्ना म्हणजे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली एकुलती एक डायलिसिस तंत्रज्ञ. पाच खुर्च्या, अकरा पेशंट, आणि त्यांच्या रक्तातली घाण उपसून काढणारी ही एक बाई. जूनपासून जिल्ह्याच्या कॉलेजात नव्या पोरींना हे काम शिकवायची नेमणूकही तिला आली होती. दहा वर्षं तिनं त्या कॉलेजाचे उंबरे झिजवले होते. आठवड्यातले दोन दिवस तिकडे, चार दिवस इकडे, असं सगळं ठरलंसुद्धा होतं.

दाराचं प्रकरण असं होतं. त्यांच्या गल्लीत होळीच्या जळणात एक तरी लाकूड चोरीचं लागायचं. मालकानं शिव्या घालायच्या, त्या शिव्यांशिवाय होळी पेटल्यासारखी वाटायचीच नाही. आणि चोरणाऱ्यांपैकी एकानं 'नाव घ्यायचं'. म्हणजे कोणी विचारलं की छाती काढून 'मी नेलं' म्हणायचं, दुसऱ्या दिवशी मालकाच्या घरी नारळ नि पुरणपोळी घेऊन जायचं आणि सगळ्यांच्या वाटच्या शिव्या एकट्यानं खायच्या. हा मान असायचा, पोट्टे त्यासाठी भांडायचे. त्या साली गल्लीतले सगळे पोट्टे पुण्याच्या कंपन्यांत गेले होते. मग चार पोरी निघाल्या, आणि नाव घ्यायचा मान बावीस वर्षांच्या ज्योत्स्नाला मिळाला. गल्लीतली पहिली मुलगी! तिचं डोकं नुसतं आभाळात होतं.

शेलार साताऱ्याकडून बदली होऊन आलेले, घर बांधत होते. अंगणात भिंतीला टेकवलेलं संडासाचं कोरं सागवानी दार पोरींनी उचललं. शेलार तिरीमिरीत ठाण्यात गेले. हवालदार गल्लीत आला, "दार कोणी नेलं?" म्हणाला, आणि ही बया पुढे होऊन म्हणाली, "मी!" रीतच होती तशी. हवालदारानं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊन शेलार थंड झाले, तक्रार मागे घ्यायला धावत गेले, पण कागद तोवर पुढे गेला होता. कोर्टात वकील म्हणाला, हवालदार म्हणाला, खुद्द शेलार म्हणाले, "पोरी, कबूल म्हण नि मोकळी हो. नाहीतर चार वर्षं तारखा खात बसशील." ती कबूल म्हणाली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं, "पुन्हा असं करू नका" म्हणाले आणि सोडून दिलं. दंड नाही, काही नाही.

सोडलं म्हणजे सुटलो, असं तिनं धरलं. तुम्ही-आम्हीही तेच धरलं असतं. पुढे तिच्या परवान्याच्या दर अर्जात एक प्रश्न असायचा, 'आपणांस कधी न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?' आणि ती 'नाही'वर खूण करायची. एकूण सात अर्ज, सात खुणा.

मग वाच्या आला.

कागदोपत्री त्याचं नाव मोठं लांबलचक होतं, पण लोक त्याला वाच्याच म्हणत. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात लाल फडक्यात बांधलेले जुने खटल्यांचे गठ्ठे पडून असतात, वाळवी लागलेले, ओल आलेले. उघडायला गेलं तर हातात भुगा येतो. वाच्या ते न उघडता वाचायचा. त्यातली युक्ती तशी सोपी. रेडिओच्या लहरी आणि उजेड यांच्या मधे एक लहरींचा पट्टा आहे, त्यांना टेराहर्ट्झ लहरी म्हणतात. त्या कागदातून आरपार जातात, पण शाईपाशी थोड्या अडतात. आणि गठ्ठा कितीही आवळून बांधा, दोन कागदांच्या मधे केसाहूनही पातळ हवा उरतेच. त्या हवेच्या प्रत्येक थरावरून लहर थोडीशी परत फिरते. ती परत यायला किती वेळ लागला, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग, एवढं मोजलं की ती कितव्या पानावरून आली ते कळतं. मग त्या पानावरची शाई तेवढी वेगळी काढायची. हजार पानांचा गठ्ठा चहा होईपर्यंत वाचून व्हायचा.

शास्त्रज्ञांनी तो जुन्या पोथ्यांसाठी बनवला होता. आपल्याकडे तो कोर्टाच्या तळघरात नेऊन बसवला आणि त्याचं दुसरं टोक परवाना देणाऱ्या प्रत्येक मंडळाला जोडून दिलं! झालं. एका वर्षात निम्मा तालुका गुन्हेगार निघाला. बस चालवणारा साळुंके चाळीस वर्षांपूर्वी सायकलला दिवा नव्हता म्हणून. औषधाच्या दुकानवाला दिवाळीच्या पत्त्यांपायी. लिफ्ट दुरुस्त करणारा कुठल्याशा मोर्चात रस्ता अडवला म्हणून. ज्यांनी कोर्टात भांडण केलं ते सुटले होते, आणि ज्यांनी कटकट नको म्हणून पन्नास रुपये भरून कबूल म्हटलं ते आता घरी बसले होते.

ज्योत्स्ना या सगळ्यांना हसत होती. मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी तिनं नेहमीसारखा यंत्राला अंगठा लावला आणि यंत्र लाल झालं. 'परवाना स्थगित.' तंत्रज्ञाचा परवाना हिरवा असल्याशिवाय नवी यंत्रं सुरूच व्हायची नाहीत. पाचही खुर्च्यांवर माणसं बसलेली, शेलारांची बाही वर केलेली.

"काय झालं गं?" शेलार म्हणाले.

ज्योत्स्नानं पडद्यावरचं वाचलं आणि ती शेलारांकडे वळली. "काकाजी, तुमचं दार!"

*

परवाना मंडळाच्या फोनवर आधी बावीस मिनिटं गाणं वाजलं. मग एक माणूस आला. गोड बोलायचा, हीच पंचाईत होती.

"मॅडम, चोरीचं आम्ही काहीच म्हणत नाही आहोत. किरकोळ आहे ते, कधीचंही आहे. पण दोषी ठरल्याची नोंद आहे, आणि अर्जात तुम्ही नाही म्हटलंय."

"अहो, मला सोडलं होतं! न्यायाधीशांनी स्वतः सांगितलं, जा म्हणून."

"तसं नोंदीत नाही. नोंदीत फक्त 'दोषी' आहे. निकालाचा पुढचा भाग यंत्राला मिळालेला नाही."

"मग गठ्ठा उघडून बघा ना!"

"यंत्रानं वाचलेला गठ्ठा मोहरबंद असतो. तो उघडला तर वाचलेलं आणि कागद यांत फरक पडू शकतो."

"फरक पडावा म्हणूनच तर उघडा म्हणते मी!"

त्यानं दोन रस्ते सांगितले. एक, सुनावणी मागा. अकरा महिने लागतील, तोवर परवाना बंद. निकाल बाजूनं लागला तर सगळं स्वच्छ, शिकवायची जागाही तोवर राखून ठेवतील. दुसरा, संमतीपत्र. 'मी ही माहिती जाणूनबुजून दडवली' एवढं लिहून द्यायचं, चार दिवसांत परवाना सुरू. फक्त एक लाल शेरा कायमचा राहील, आणि शेरा असलेल्या माणसाला शिकवता येत नाही. कधीच नाही.

"सगळे दुसराच घेतात, मॅडम," तो मायेनं म्हणाला. "कबूल करायचं नि मोकळं व्हायचं."

ज्योत्स्नानं फोन आपटला. हेच शब्द तिनं याआधी ऐकले होते आणि त्यांच्यापायीच हे सगळं झालं होतं.

घरी नवरा प्रफुल्ल बियाण्याचं दुकान बंद करून आला, तेव्हा ती ओट्याशी भांडी आदळत होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "सही बिही करायची नाही," तो म्हणाला. "अकरा महिने त अकरा महिने. दुकान चालू हाय ना आपलं? दहा वर्षं तू त्या कॉलेजासाठी मरमर केली. अन् जाणूनबुजून म्हणे! सारी गल्ली साक्षीला हाय, दडवलं कुठं?"

"आणि माझे अकरा जण?"

"त्यायले सरकार नेईल जिल्ह्याले. गाडी देणार हाय म्हणते."

गाडी दिली खरी. ऐंशी किलोमीटर, पहाटे पाचला निघायची, दिवेलागणीला परत. चार तास यंत्रावर रक्त धुऊन घेतलेला माणूस आधीच गळून गेलेला असतो, त्याला त्या रस्त्यानं घुसळत आणायचं. पहिल्या आठवड्यातच शेलारांचं तोंड उतरलं.

पण म्हातारा गप्प बसणारा नव्हता. एका मोकळ्या दिवशी ते काठी टेकत ज्योत्स्नाकडे आले. "नक्कल मागायची," ते म्हणाले.

"कसली नक्कल?"

"निकालाची. अगं, मी फिर्यादी आहे, मला हक्क आहे. आणि नक्कल मूळ कागदावरूनच द्यायची असा जुना नियम आहे. तो रद्द करायला हे विसरलेत. मी तपासलंय. चल, ऊठ."

कोर्टाच्या तळघरात देवतळे नावाच्या बाई होत्या, रेकॉर्ड सांभाळणाऱ्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, नियम काढून पाहिला, कपाळाला हात लावला आणि शेवटी गठ्ठ्याची मोहर तोडली. ज्योत्स्नाच्या खटल्याचं पान निघालं. वर निळ्या शाईत आरोपीचं नाव, खाली 'गुन्हा कबूल, दोषी'. आणि पुढे काहीच नाही.

"हे पान जाड लागतंय," शेलार बोटांनी चाचपत म्हणाले. "बाई, ही दोन पानं आहेत. ओलीनं डकलीत एकमेकांना. मधे हवाच नाही, तर तुमच्या वाच्याला कसं कळणार दुसरं पान?"

"ओढू नका हो, फाटेल!"

"चाळीस वर्षं पोस्टात काढली मी. पाकिटं वाफेवर कशी सुटतात ते मला विचारा. म्हणजे, करायचं नसतं ते. पण माहीत असतं."

आवारातल्या टपरीवरून उकळती किटली आली. देवतळेबाई 'अरे देवा, अरे देवा' म्हणत दाराशी पहारा करत उभ्या राहिल्या. शेलारांनी कागद वाफेवर धरला, पट्टीच्या कडेनं हळूहळू सोडवला. अर्ध्या तासानं आतलं पान मोकळं झालं. ज्योत्स्नानं मोठ्यानं वाचलं: 'आरोपीचा हा पहिलाच अपराध असून त्यामागे सणाची प्रथा आहे. सबब आरोपीस समज देऊन सोडण्यात येत आहे. या निकालामुळे आरोपीस पुढे कोणतीही अपात्रता येणार नाही.' खाली न्यायाधीशांची सही, आणि बाजूला, वाचून समजल्याबद्दल, तिची स्वतःची.

ती रडली. अगदी हमसून रडली, देवतळेबाईंच्या खांद्यावर. शेलारांनी सगळ्यांना चहा पाजला.

*

मंडळाचं उत्तर सहाव्या दिवशी आलं. तिनं ते दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचलं.

'आपण सादर केलेली नक्कल मिळाली. आपणांस कोणतीही अपात्रता नव्हती, हे मान्य करण्यात येत आहे. तथापि, सदर नकलेवरून आपणांस दोषी ठरवण्यात आले होते, व निकालाखाली आपली सही असल्याने ते आपणांस माहीत होते, हेही सिद्ध होते. आपण सात अर्जांत मात्र "नाही" असे नमूद केले. सबब माहिती दडवल्याचा मुद्दा अधिक बळकट होत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

"सहकार्याबद्दल आभार!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरच्या झाडाखालची माणसं उठून उभी राहिली. "अरे, म्हणजे मी 'हो' म्हटलं असतं तर परवाना मिळाला असता. आणि 'नाही' म्हटलं कारण काही नव्हतंच. आणि काही नव्हतं याचा पुरावा दिला, तर तोच पुरावा माझ्या नरड्याला! कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"

उत्तर द्यायला तिथं कोणी नव्हतं. फोन केला तर पुन्हा ते गाणं वाजलं.

तिनं सुनावणी मागितली. प्रफुल्लनं वकील गाठून दिला. वकील म्हणाला, जिंकू, नक्की जिंकू, फक्त अकरा महिने धीर धरा. ज्योत्स्नानं धीर धरायचं ठरवलं. दुकानात जाऊन बियाण्याच्या पिशव्या मोजू लागली. आपलं नाव स्वच्छ होईल, पोरींना शिकवू, असं स्वतःला रोज बजावू लागली.

दुसऱ्या आठवड्यात सिंधूबाई तिच्या घरी आल्या. अकरांतल्या एक. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात दुसरं कोणी नाही. पहाटे पाच ते दिवेलागण त्याला एकटं सोडून जाणार कसं? म्हणून दोन खेपा त्यांनी चुकवल्या होत्या. तोंड सुजलेलं, डोळे मिटत आलेले, दोन पावलं टाकली की धाप लागत होती.

"ताई, तुमी नुसतं पाहून घ्या ना मले," त्या उंबऱ्यातच बसून म्हणाल्या. "मशीन नाही त नाही. नुसता हात त लावून पाहा."

ज्योत्स्नानं हात लावला. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला तो भरेना. छातीत पाणी झालं होतं, हे सांगायला यंत्र लागत नव्हतं. चारशे पावलांवर पाच खुर्च्या धूळ खात पडल्या होत्या आणि ही बाई तिच्या उंबऱ्यात बुडून मरत होती. तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली, स्वतः सोबत गेली, वाटेत सगळा वेळ ऑक्सिजनचा मास्क धरून बसली. सिंधूबाई वाचल्या. जिल्ह्याचे डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

परत आल्या आल्या तिनं संमतीपत्र उघडलं.

"थांब!" प्रफुल्ल म्हणाला. "थांब ना वं जरा. खोटं हाय ते. तुले माहीत हाय खोटं हाय."

"माहीत आहे."

"मग कायले? आपण त्या बाईच्या नवऱ्यापाशी माणूस बसवू. पैसे मी देतो."

"आणि पुढच्या महिन्यात दुसरं कोणी उंबऱ्यात येऊन बसेल, त्याचं काय करू? तुम्ही पाहिलं नाही हो तिचं तोंड. मी पाहिलंय. अकरा महिने मी स्वच्छ होत बसायचं, आणि ह्यांनी मरायचं?"

"अन् कॉलेज?"

डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून तिनं 'जाणूनबुजून दडवली' या वाक्याखाली सही केली. प्रफुल्ल उठून बाहेर गेला. तो तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिची स्कूटर पुसून दाराशी लावली आणि म्हणाला, "जा. लोक वाट पाहत असतील."

*

चौथ्या दिवशी यंत्र हिरवं झालं. पाणी शुद्ध करणारी टाकी तिनं स्वतः धुतली, नळ्या जोडल्या, वजनं घेतली. पहिल्या खुर्चीत शेलार. महिनाभरात माणूस निम्मा झाला होता. सही केल्याचं त्यांना कळलं होतं, आणि आल्यापासून ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"काकाजी, रागावलात?"

"तुझ्यावर कशाला रागावू?" ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तेव्हा कोर्टात कबूल म्हण, असं तुला सांगणारा मीच. घरी येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर संपलं असतं गं. मेलं ते दार. मी साताऱ्याहून दुसरं आणलं असतं."

तिनं त्यांची बाही वर केली, शीर चाचपली. तेवढ्यात यंत्राचा पडदा उजळला. हे नवीन होतं. तिला याची कल्पना नव्हती. शेलारांनी चष्मा लावला आणि पोस्टात तार वाचून दाखवावी तसं मोठ्यानं वाचलं.

"'इशारा. या तंत्रज्ञास चोरीच्या प्रकरणात दोषी ठरवण्यात आले असून, तिने ही माहिती जाणूनबुजून दडवली आहे. फिर्यादी: मधुकर शेलार, पोस्टमास्तर. तरीही आपण तिच्याकडून उपचार घेण्यास तयार आहात काय? हो किंवा नाही.'"

पाचही खुर्च्यांवरची माणसं वळून पाहू लागली. ज्योत्स्नाची मान खाली गेली. आपल्या खोलीत, आपल्या माणसांसमोर असं वाचून दाखवलं जाईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मलाच विचारतंय," शेलार म्हणाले. "माझंच दार, आणि मलाच विचारतंय, हिच्यावर विश्वास आहे का म्हणून!"

त्यांनी 'हो'वर बोट ठेवलं. म्हाताऱ्याचं कोरडं बोट, पडदा घेईना. पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्यांनी बोट जिभेला लावलं आणि असं दाबलं की यंत्र हललं. पडदा हिरवा झाला, आणि खाली बारीक अक्षरं उमटली, 'ही संमती प्रत्येक उपचाराआधी घेण्यात येईल.'

"हे पुढच्या वेळी परत विचारणार?"

"दर वेळी, काकाजी," ती कशीबशी म्हणाली. "आठवड्यातून तीनदा. तुम्ही आहात तोवर."

शेलारांनी हिशोब केल्यासारखे ओठ हलवले. मग डावा हात तिच्यापुढे सरकवला.

"मग मला पुष्कळ वर्षं जगव पोरी," ते म्हणाले. "त्याला 'हो' म्हणून म्हणून दमवतो मी."

ज्योत्स्नानं नाक पुसलं, हातमोजे बदलले आणि पहिली सुई घातली.